चिनी तुंबडी

2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्स पोहायला उतरला आणि लोक त्याच्या पदकांआधी त्याच्या खांद्यांकडे बघू लागले. वाटीच्या तळाएवढे जांभळे गोल! कुणी मारलं की काय?

मारलं नव्हतं, पेले लावले होते. चिनी वैद्यकात याला 'बागुआन' म्हणतात: बा म्हणजे ओढून काढणं, गुआन म्हणजे बरणी. पूर्वी जनावराचं शिंग वापरत. इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेली चीनमधल्या मावांगदुईची एक कबर 1973 मध्ये उघडली, तेव्हा रेशमावर लिहिलेल्या औषधयोगांत मूळव्याधीवर शिंग लावण्याचा उल्लेख सापडला. आपल्याला हे नवं वाटायला नको. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला शिंग आहे, जळू आहे आणि आत दिवा लावलेला भोपळाही आहे. तुंबडी ती हीच. तिचं काम रक्त ओढायचं. 'स्वतःची तुंबडी भरणं' मात्र आपण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलंय.

आता पेल्याकडे जरा जवळून बघा. चिमट्यात स्पिरिटचा बोळा, तो पेटवून काचेच्या पेल्यात क्षणभर फिरवायचा, बाहेर काढायचा आणि लगेच पेला पाठीवर पालथा घालायचा. (बोळा निथळत असेल तर पेटतं स्पिरिट पाठीवर पडतं, भाजल्याच्या तक्रारी येतात त्या अशा.) 'आतला ऑक्सिजन जळतो म्हणून पेला चिकटतो' हे सर्रास सांगितलं जातं. पण पेला टेकतो तेव्हा आत जाळ नसतोच! असते ती फक्त तापलेली, फुगून विरळ झालेली हवा. ती 100 अंशांवरून 35 अंशांपर्यंत निवली तरी दाब जवळजवळ एक षष्ठांशाने उतरतो. बाहेर वातावरणाचा दाब तेवढाच राहतो, आणि त्यामुळे त्वचा पुरीसारखी टम्म फुगून पेल्यात शिरते. म्हणजे पेला ओढत नाही, शरीरच आत ढकललं जातं.

पाच-दहा मिनिटांत त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपतं. तोच जांभळा डाग. गडद डाग म्हणजे रक्त साकळलेलं, असं चिनी वैद्य वाचतात. जाहिरातवाले त्याला 'विषद्रव्यं बाहेर पडली' म्हणतात. पण बाहेर काहीच पडलेलं नसतं. गुडघा आपटल्यावर पडतो तसाच हा डाग हिरवट-पिवळा होत जातो, कारण हिमोग्लोबिनचं विघटन दोन्हीकडे सारखंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या वाटेला जाऊच नये.

मग बरं वाटतं ते खोटं? तसंही नाही. रिओच्याच वर्षी जर्मनीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराचे, 141 रुग्ण होते. काहींना खरे पेले लावले, काहींना बारीक भोक पाडलेले, म्हणजे दाब टिकूच नये असे. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांपेक्षा पेलेवाल्यांचं दुखणं जास्त उतरलं. भोकवाल्या पेल्यांशी ताडून पाहिलं, तर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.