प्राणायामाने रक्तातील ऑक्सिजन दुप्पट होतो का?

नागपुरात अंबाझरीच्या काठी पहाटे फिरणाऱ्यांच्या मोबाईलवर एक संदेश वर्षानुवर्षे येतो: दहा मिनिटांच्या प्राणायामाने रक्तातील ऑक्सिजन दुप्पट होतो.

वस्तुतः निरोगी माणूस शांत बसलेला असतानाही त्याचे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन, ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. जिथे भर घालायला जागाच उरलेली नाही, तिथे दुप्पट होणार कसे? कोविडकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर नेलपॉलिश पुसलेल्या, गार नसलेल्या बोटाला प्राणायामाआधी व नंतर लावून पाहावा. आकडा फारसा हलत नाही. भस्त्रिकेनंतर, म्हणजे जलद व जोरकस श्वसनाच्या प्राणायामानंतर, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, आणि अनेकांना तोच पुरावा वाटतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून तसे होते.

संथ श्वसनाने नाडी मंदावते आणि रक्तदाब किंचित उतरतो, हा लाभ मात्र खरा आहे.