मूत्रपिंडाच्या गाठीतला तुकडा कुठून घेतला, याला एवढं महत्त्व का?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की बहुतेकदा पेशी रिकाम्या दिसतात. खरं तर त्या चरबी आणि ग्लायकोजेनने गच्च भरलेल्या असतात. तुकडा तपासणीसाठी तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ही चरबी विरघळते आणि पांढरी पोकळी तेवढी उरते. म्हणून याचं नाव क्लिअर सेल कार्सिनोमा. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७५ टक्के याच प्रकारचे.

गाठ काढून झाल्यावर रुग्णाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: हा आजार उलटेल का? उत्तराचा मोठा भाग गाठ किती पसरली होती यावरून मिळतो. बाकीचं त्या तुकड्यातच शोधावं लागतं.

सगळ्यात जुनी आणि अजूनही भरवशाची खूण म्हणजे पेशीच्या केंद्रकातला बारीक ठिपका, केंद्रिका. ४०० पट मोठं करूनही ती नीट दिसत नसेल तर ग्रेड १. ४०० पटीला ठळक, पण १०० पटीला नाही, तर ग्रेड २. १०० पटीलाच डोळ्यांत भरली तर ग्रेड ३. पेशींचा आकारच पार बिघडलेला असेल तर ग्रेड ४. ग्रेड जितका वरचा, तितका धोका जास्त. इतकी साधी पद्धत इतकं काही सांगून जाते, याचं मला आजही नवल वाटतं.

जनुकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. या कर्करोगाची सुरुवात बहुधा व्हीएचएल जनुक निकामी होण्यातून होते. ते बंद पडलं की पेशीला प्राणवायू कमी पडल्याचा भास होतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पण हा बिघाड जवळजवळ प्रत्येक गाठीत असतो, त्यामुळे कोणाची गाठ सौम्य आणि कोणाची आक्रमक, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं त्याच्या शेजाऱ्यांवरून. पीबीआरएम१ आणि बीएपी१ ही जनुकंही तिसऱ्या गुणसूत्राच्या त्याच आखूड भुजेवर असतात. ती भुजा तुटली की सगळ्यांचीच एकेक प्रत जाते. पुढे बीएपी१ची उरलेली प्रतही बिघडली, तर आजार सहसा जास्त वेगाने बळावतो. फक्त पीबीआरएम१ गेलेल्या रुग्णांची वाटचाल त्या मानाने बरी असते.

बीएपी१ गेल्याचं स्लाइडवर चक्क दिसतं. या प्रथिनासाठी रंग दिला की निरोगी केंद्रकं तपकिरी होतात. कर्कपेशींची केंद्रकं निळीच राहिली आणि त्यांच्याच मधल्या रक्तवाहिन्यांची मात्र तपकिरी झाली, तर रंग नीट लागला होता आणि प्रथिन खरंच नाही, हे एकाच नजरेत समजतं.

प्रतिकारपेशींच्या बाबतीत तर हा कर्करोग उलटाच वागतो. इतर बहुतेक गाठींत सीडी८ टी-पेशींची, म्हणजे कर्कपेशींना मारणाऱ्या प्रतिकारपेशींची, गर्दी हे चांगलं लक्षण. इथे अनेकदा तीच गर्दी वाईट परिणामांशी जोडलेली आढळते. या पेशी गाठीत पोचतात, पण त्यातल्या बऱ्याच थकून निष्प्रभ झालेल्या असतात.

या सगळ्या खुणांपुढची खरी अडचण २०१२ साली लंडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिली. त्यांनी एकाच गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन त्यांची जनुकं वाचली. ६३ ते ६९ टक्के जनुकीय बदल सगळ्या तुकड्यांत सापडलेच नाहीत. एवढंच नव्हे, तर एकाच गाठीच्या एका भागात चांगल्या भवितव्याची जनुकीय खूण होती आणि दुसऱ्या भागात वाईटाची. म्हणजे सुईने काढलेल्या एका बारीक तुकड्यात बीएपी१ शाबूत दिसलं, म्हणून ते सगळ्या गाठीत शाबूत असेलच असं नाही.

म्हणूनच काढलेली गाठ कापताना पॅथॉलॉजिस्ट दर सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा घेतात. क्लिअर सेलची गाठ चरबीमुळे सोनेरी पिवळी दिसते. त्या पिवळ्यात कुठे पांढुरका, भरीव पट्टा दिसला, तर तिथला तुकडा चुकवून चालत नाही. वरच्या ग्रेडच्या पेशी बऱ्याचदा तिथेच सापडतात.