विसावा सेवा

विसावा सेवा म्हणजे आजारातून उठण्याची आशा उरलेली नाही अशा माणसाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला मिळणारी ठरावीक काळाची सुटी. तेवढा वेळ रुग्णाला दुसरे कोणीतरी सांभाळते, कधी घरी येऊन, कधी त्याला हॉस्पिसमध्ये, म्हणजे अशा शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, किंवा दवाखान्यात ठेवून घेऊन. दवाखान्यात हिला ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात. सुटी दोन तासांची असते, एका रात्रीची असते, कधी चार-पाच दिवसांची. विसावा शुश्रूषा करणाऱ्याला मिळतो, पण तो धरायचा रुग्णाच्या उपचारातच. तीन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईच्या हातून मॉर्फिनची, म्हणजे कळ शमवणारी, गोळी चुकते, कूस बदलायची राहते आणि ज्याच्यासाठी जीव आटवला त्याच्यावरच ती खेकसते.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून धरली जाते. रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही आपल्या काळजीत घ्यायचे, ही त्या कामाची मूळ धारणा. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या उपशामक सेवेच्या, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेच्या, व्याख्येतही कुटुंबाला आधार देणे येते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यातून हॉस्पिसच्या रुग्णाला एका वेळी सलग ५ दिवसांपर्यंत संस्थेत ठेवता येते, तेही केवळ घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत उभे राहिले. केरळात कोझिकोडला १९९३ पासून आणि पुढे मलप्पुरमच्या गावागावांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत रुजवली. खेड्यात विसावा कसा देता येतो याचे सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे.

विदर्भाच्या खेड्यात हॉस्पिस हा शब्द क्वचितच कानावर येतो. खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, तोंडाचा कर्करोग झालेला माणूस नागपूर, सेवाग्राम किंवा थेट मुंबईपर्यंत उपचार घेऊन येतो. एके दिवशी डॉक्टर सांगतात, आता घरी न्या, सेवा करा. तिथून पुढे ओसरीतली बाज हेच त्याचे हॉस्पिस, आणि बायको किंवा सून हीच नर्स. घरातला पुरुष रात्री वावरात जागलीला जातो, कारण रानडुकरे आणि रोही (नीलगाई) उभे पीक एका रात्रीत झोपवतात. दिवसा सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. रुग्णापाशी बसणारीची रोजी बुडते आणि तिच्या झोपेचा हिशेब कोणी ठेवत नाही. जागलीला मात्र पाळ्या लावतात. एकच माणूस महिनाभर एकट्याने रात्र काढू शकत नाही, हे मळ्यावरच्या पोरालाही कळते. बाजेशेजारच्या जागलीला तोच न्याय लावणे, एवढ्यावर खेड्यातली विसावा सेवा उभी राहू शकते.

अडचण पैशाइतकीच मनाची असते. नवऱ्याला असा टाकून माहेरी गेली, हे बोल ऐकावे लागतील म्हणून बायका सुटी मागत नाहीत. मागितलीच तर अंग धरल्यावर, ताप चढल्यावर मागतात. म्हणून विचारायचे समोरच्याने, आणि तेही मोघम नाही. ‘काही लागलं तर सांग’ या वाक्याने आजवर कोणाला झोप मिळालेली नाही. ‘मंगळवारी रात्री मी बसतो बुढ्यापाशी, तू माय तिकडच्या घरी जाऊन झोप,’ असे म्हणणारी शेजारीण खरी उपयोगाची. ‘तिकडच्या घरी’ हे महत्त्वाचे. त्याच खोलीत पडले तर प्रत्येक कण्हण्याला डोळा उघडतो, आणि ती झोप होत नाही.

बसणाऱ्याला काम आधी दाखवावे लागते. निदान एकदा तरी दोघींनी मिळून सगळे करावे. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलायची; माकडहाड, टाचा आणि खुबा लाल दिसतात का ते पाहायचे. नाकातून नळी असेल तर पातळ अन्न देताना डोके उंच ठेवायचे आणि नंतर अर्धा तास तसेच राहू द्यायचे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून द्यायची असते. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचे औषधही चालू ठेवावे लागते. गालावरची जखम फुटली असेल तर वासाने माणसे जवळ येईनाशी होतात. डॉक्टरांनी सांगितले असल्यास मेट्रोनिडाझोलची गोळी कागदाच्या घडीत लाटण्याने बारीक करून ती भुकटी जखमेवर टाकतात, आणि वास बराच कमी होतो. हे घरच्या बाईला येत असते, पाहुणीला नाही. कॅलेंडरचे जुने पान उलटे करून त्यावर वेळा, गोळ्यांचे रंग आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून बाजेजवळ टांगले की दोघींच्याही जिवाला धीर येतो. आणखी एक ओळ त्यावर असावी: त्याला काय आवडते. चहा किती गोड, पंखा कोणत्या बाजूला, रेडिओ हवा की नको. बोलता न येणाऱ्या माणसासाठी ही ओळ औषधाइतकीच मोलाची आहे.

सरकारी वाटेने जायचे तर पहिला दुवा गावची आशा ताई. आयुष्मान भारतच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या (आताचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) सेवांमध्ये उपशामक काळजीचा समावेश आहे. केंद्र सरकारचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासूनचा. त्यात जिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांसाठी खाटा ठेवण्याची कल्पना आहे. कळ आटोक्यात आणण्यासाठी रुग्णाला तिथे दाखल केले, की ते दिवस घरच्यांच्याही विसाव्याचे ठरू शकतात. फक्त त्याच बाईला पुन्हा वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपवू नये. सोबतीला दुसरे कोणी पाठवावे. सोंगणीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवणे बरे. हंगाम तोंडावर आला की बसायला माणूस मिळत नाही.

रुग्णाला आधी सांगितल्याशिवाय त्याला दुसऱ्याच्या हाती देऊ नये. त्याला शुद्ध कमी असली तरी कानाशी सांगावे, कोण बसणार आहे, आपण परत कधी येणार आहोत. चार-पाच दिवसांची मोठी सुटी घेण्याआधी एक दुपार, मग एक रात्र असे करून पाहिले तर दोघांनाही सवय होते.

सुटीच्या काळातच प्राण गेला तर काय, ही भीती प्रत्येकीच्या पोटात असते, आणि तसे घडतेही. याबद्दल जाण्याआधीच उघड बोलावे. श्वास बदलला, हातपाय गार पडू लागले तर तिला लगेच बोलवायचे का, रात्री कोणाच्या गाडीने आणायचे, ती पोचली नाही तर तोंडात पाणी कोणी घालायचे, हे ठरवून घेतात. ठरलेले त्याच पानावर, गोळ्यांच्या वेळांच्या खाली लिहितात. बसणाऱ्याचा मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो, आणि तिचा उशाशी.