फलकावरचा आठवडा : खानदेशातील कॅथलिक शाळा आणि नाताळच्या सुट्टीचा हिशेब

शनिवारी शेवटचा तास सुटायच्या आत कार्यालयाबाहेरच्या फलकावर पुढचा आठवडा लिहून व्हावा लागतो. मुले एकदा फाटकाबाहेर पडली की सूचना सोमवारीच पोचते. मजकूर ठरलेला असतो : परिपाठ कोणत्या हाऊसकडे, नववीची घटक चाचणी कधी, पांढरा गणवेश कोणत्या दिवशी, महिन्याचा पहिला शुक्रवार असेल तर मिस्सा (कॅथलिकांची चर्चमधली सामूहिक उपासना) किती वाजता. खालच्या चौकटीत अभिनंदन, बदली, श्रद्धांजली. या सहा-सात ओळी तीन दिनदर्शिकांच्या ओढाताणीतून निघतात. एक चर्चची, दुसरी शिक्षण खात्याची आणि तिसरी खानदेशची स्वतःची, म्हणजे कानबाई, होळी आणि ऊन.

मुंबई-कलकत्ता थेट रेल्वेमार्ग १८७० मध्ये सुरू झाला. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे राहू लागली, त्यांच्याबरोबर रविवारची मिस्सा आणि सोमवारची शाळा ही जोडी इकडे आली. त्या काळाची खूण म्हणून फलकावर 'बदली' हा रकाना अजून आहे. कोणाचे वडील कोणत्या डेपोला गेले, हे एके काळी परीक्षेच्या निकालाइतकेच महत्त्वाचे असे, कारण एका बदलीने चर्चच्या गायनवृंदातले तीन आवाज एकदम कमी होत. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा मराठीत आली. त्यानंतरची मोठी उलथापालथ थेट गेल्या दहा-पंधरा वर्षांतली.

आधी एका शब्दाचा गुंता. आपल्याकडे कोणतीही इंग्रजी शाळा 'कॉन्व्हेंट' असते. गावाच्या वेशीवर पत्र्याच्या शेडमध्ये कोणाच्या आजोबांच्या नावाने चालणारी शाळासुद्धा कॉन्व्हेंट, मग तिथे एकही सिस्टर नसली तरी चालते. मुळात कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचे निवासस्थान. शाळा ही त्याच्या आवारातली वेगळी गोष्ट. गंमत अशी, की १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेत 'कॅथलिक शाळा' हे नाव अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय लावता येत नाही असे कलम आहे (८०३), पण 'कॉन्व्हेंट'ला कोणी वाली नाही. त्यामुळे 'कॉन्व्हेंटने यंदा नाताळची सुट्टी दिली नाही' ही गावातली बातमी नेमकी कोणत्या शाळेची, हे आधी विचारून घ्यावे.

आता वेळापत्रक. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तासिका आणि शनिवारी ५, अशा ४५ तासिकांचा आठवडा धरला, तर कागदावर पहिली खुंटी गणित किंवा विज्ञानाची मारत नाहीत. ती धर्मशिक्षणाची असते. कारण साधे आहे. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत साठेक मुले आणि त्यांत कॅथलिक दोन किंवा तीन. शाळाभरातून तीसेक मुले गोळा होतात. पाचवीचे पोर आणि दहावीचा मुलगा एका बाकावर बसवून शिकवता येत नाही, म्हणून दोन गट करावे लागतात : पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला गेली की बाकीच्यांना मूल्यशिक्षण, म्हणून प्रत्येक गटासाठी सहा तुकड्यांची मूल्यशिक्षणाची तासिका एकाच वेळी यावी लागते, म्हणजे सहा शिक्षक त्या वेळेला अडकले. ही तासिका मधल्या सुट्टीनंतर ठेवली तर मुले जमेपर्यंत ३५ मिनिटांतली सात-आठ मिनिटे जातात. शनिवारी शेवटी ठेवली तर स्पर्धा, सभा, पाऊस यांत पहिला बळी तिचाच. परिपाठानंतर लगेचची पहिली तासिका सर्वांत बरी. मुले मैदानावर उभीच असतात, तिथूनच गट वेगळे करता येतात.

सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेचे कलम २८(३) स्पष्ट सांगते : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचे तर पालकांची संमती हवी. म्हणून प्रवेश अर्जाबरोबर वेगळी संमतिपत्रिका असते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे 'ख्रिस्ती' एवढे वाचून मुलाला कॅथलिक गटात टाकणे. नवापूर, चिंचपाड्याकडची मुले ख्रिस्ती असली तरी पुष्कळदा प्रोटेस्टंट मंडळ्यांतली असतात. त्यांना कॅथलिकांची जपमाळ शिकवायला घेतली की दुसऱ्याच दिवशी वडील दारात. २०२४ मध्ये देशभरच्या बिशपांच्या मंडळाने आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांतही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका रोज म्हणावी, असे होते. उद्देशिका इथे आधीपासूनच म्हटली जात होती. २०२३ पासून राज्यगीताची भर पडली, आणि २० मिनिटांचा परिपाठ २० मिनिटांत संपेनासा झाला.

खरा वाद मात्र दर जूनमध्ये नाताळवरून होतो. बाहेरच्याला तो सणाचा वाद वाटतो. कार्यालयात तो बेरजेचा आहे.

माध्यमिक शाळांना वर्षात कामाचे किमान २३० दिवस भरावे लागतात आणि रविवार वगळून सुट्ट्या ७६ च्या वर नेता येत नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी २ मे ते १४ जून धरली तर ४४ दिवसांतून सहा रविवार वजा जाऊन ३८ दिवस तिथेच संपतात. दिवाळीला १२ गेले की उरले २६, आणि त्यांत सार्वजनिक सुट्ट्या, जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्या आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या बसवायच्या. नाताळच्या आठवड्याला जागाच राहत नाही. वाट एकच, आणि ती खात्याच्या परिपत्रकातच आहे : दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव, नाताळ अशा सणाला शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने समायोजित करता येतात.

२०२५ चे उदाहरण घ्या. २४ डिसेंबर बुधवार ते १ जानेवारी गुरुवार हे नऊ दिवस. २५ तारीख तशीही सार्वजनिक सुट्टी, २८ ला रविवार, उरले सात. हे सात दिवाळीच्या बारांतून काढले की दिवाळीला पाच दिवस राहतात. सुट्टी ३१ ला का संपवत नाहीत, असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. १ जानेवारी हा चर्चमध्ये देवमातेचा सोहळा आहे, आदल्या रात्री कृतज्ञतेची मिस्सा मध्यरात्रीपर्यंत चालते. गायनवृंदातली मुले सकाळी सातला वर्गात बसवून काय साधणार?

विरोध कुठून येतो तेही नीट पाहावे. पट बहुतांशी हिंदू आणि मुस्लिम मुलांचा, शिक्षकही बहुतेक बिगर-कॅथलिक. पाच दिवसांत लक्ष्मीपूजन ते भाऊबीज कसेबसे बसते. माहेर अकोल्याला किंवा नाशिकला असलेली शिक्षिका भाऊबीज आटोपून रात्रीच्या गाडीने परत. वसतिगृहातल्या मुलांना धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावर जाऊन यायलाच दोन दिवस लागतात, त्यामुळे पाच दिवसांची दिवाळी त्यांच्यासाठी तीनच दिवसांची. दुसरी बाजू कापसाची. दिवाळीला वेचणी ऐन भरात असते. सुट्टी लांबली की मोठी मुले शेतात गुंततात आणि पंधरा दिवस हजेरी भरत नाही. छोटी दिवाळी हजेरीला बरी पडते. हा मुद्दा समायोजनाच्या बाजूने मांडायला हवा, आणि सभेत नेमका तोच कोणी मांडत नाही; सगळे 'आमचा सण, तुमचा सण' इथेच अडकतात.

गेल्या दोन वर्षांत या वादाला दहावीची धार आली. दहावीची बोर्डाची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये सुरू होई. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये २० फेब्रुवारीला ठेवली गेली. २ जानेवारीला शाळा उघडली तर हातात सात आठवडे, आणि त्यांतच पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिके, अंतर्गत गुणांच्या नोंदी, प्रजासत्ताक दिन, स्नेहसंमेलन. म्हणून मधला तोडगा निघाला : पाचवी ते नववीला पूर्ण सुट्टी, दहावीला २६ तारखेनंतर सकाळी तीन तास जादा वर्ग. हे तास कामाच्या दिवसांत धरता येत नाहीत, कारण शाळा कागदोपत्री बंद असते. तरी ते २३० मध्ये मिळवून टाकायचा मोह होतो, आणि तपासणीत पहिले बोट तिथेच ठेवले जाते.

परवानगीचा अर्ज जूनमध्येच जायला हवा. सोबत तीन रकान्यांचा तक्ता (मूळ सुट्टी, कमी केलेले दिवस, समायोजित दिवस), शाळा समितीचा ठराव आणि पालक-शिक्षक सभेचे इतिवृत्त. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक विभागात दोन प्रती द्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक घेऊनच परतावे. दिवाळी पूर्ण घेऊन नोव्हेंबरात अर्ज केला तर ७६ ची मर्यादा ओलांडलेली असते आणि मागे फिरता येत नाही. शनिवार पूर्ण वेळ भरवला तरी दिवस एकच मोजतात. इतर शाळा अशा वेळी एखादा रविवार भरवून मोकळ्या होतात. इथे रविवारी मिस्सा, त्यामुळे तोही मार्ग बंद. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार असतो, त्या नोंदींत हे दिवस सुट्टी म्हणून आधी दाखवले नाहीत तर 'आहार का शिजला नाही' याचा खुलासा जानेवारीत लिहीत बसावे लागते.

खानदेशच्या दिनदर्शिकेशी चर्चने तुलनेने सहज जुळवून घेतले. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, रात्रभर जागरण होते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्या सोमवारी घटक चाचणी ठेवणारा शिक्षक नवा आहे, हे न सांगता कळते. तुकडीत पंधरा मुले असतात आणि त्यांतली निम्मी डुलक्या घेतात. सातपुड्यातली होळी त्याहून मोठी. वसतिगृहातली मुले आठवडा आधी निघतात, काठी गावाची राजवाडी होळी आटोपल्याशिवाय फिरकत नाहीत. ईस्टर २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी असतो, त्यामुळे होळी कधी त्याच्या महिनाभर आधी येते तर कधी पवित्र आठवड्यातच, म्हणजे ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. २०१६ आणि २०२४ मध्ये ती पवित्र आठवड्यात आली होती. २०२४ मध्ये २४ मार्चला झावळ्यांचा रविवार आणि रात्री होळी, २९ ला गुड फ्रायडे. अशा वर्षी पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीला वसतिगृहातली बारा मुले मिळत नाहीत. भुसावळ-जळगावकडच्या घरून येणाऱ्या मुलांची नावे आधीच घेऊन ठेवतात.

उन्हाचे वेगळेच. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट म्हणतात, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रुसापर्यंतच्या वाटेची प्रार्थना, १४ स्थाने, पूर्वी आवारातल्या झाडांखाली. मार्चअखेर जळगाव-भुसावळला पारा चाळिशी गाठतो. शाळा सकाळची झाली तरी शेवटची तासिका अकराच्या पुढे जाते, आणि नवव्या-दहाव्या स्थानाला एखादे मूल चक्कर येऊन खाली बसते. म्हणून ती प्रार्थना आता सकाळी पहिल्या तासाला किंवा सभागृहात होते. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या गेल्या. हे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात दुपारी बाराला सावद्याच्या थांब्यावर उभे राहून पाहावे.

दोन तारखा मात्र दरवर्षी एकमेकींवर पडतात. २१ जून हा तरुणांचे पालक संत मानल्या गेलेल्या अलोयसियस यांचा सण, आणि २०१५ पासून योग दिनही. शाळा नुकतीच उघडलेली असते, सकाळी योग आणि नंतर छोटी प्रार्थना असे उरकते. १५ ऑगस्ट अवघड. तो मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण आहे, त्या दिवशी मिस्सा चुकवायची नसते. शासकीय ध्वजारोहण ९.०५ ला असते आणि ८.३५ ते ९.३५ या वेळात इतरत्र ध्वजारोहणाचा कार्यक्रम ठेवायचा नसतो. म्हणून झेंडा ७.३० ला, खाऊवाटप सव्वाआठपर्यंत, मिस्सा नऊच्या सुमारास. फादर एकच आणि त्यांच्याकडे दोन गावे असतील तर मिस्सा आदल्या संध्याकाळी.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि फलक मोबाइलवर गेला. तो पूर्ण परत आलेला नाही. आता एकच सूचना तीन रूपांत फिरते : फलकाचा फोटो, टंकलेली प्रत, आणि वर्गशिक्षकांनी आपल्या शब्दांत लिहिलेली. गोंधळ तिसऱ्या रूपाने होतो. 'शुक्रवारी मिस्सा' एवढेच लिहिले की साठपैकी साठ पालक विचारतात, आमच्या मुलाने यायचे का? म्हणून 'फक्त कॅथलिक विद्यार्थी, इतरांना नियमित तासिका' ही ओळ पहिल्या शुक्रवारच्या सूचनेत कायमची बसवलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायचा आदेश आला. आवारात प्राथमिक शाळाही आहे तिथे दोन पाळ्यांचे गणित कोलमडले आणि मिस्सेची वेळ महिनाभर खोडून लिहावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षा सेवेतल्या शिक्षकांनाही लागू केली, अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे पाठवला. शिक्षक खोलीत त्यावर महिनोन्महिने चर्चा आहे, फलकावर एक ओळही नाही.

सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर रेंज नाही, तिथल्या मुलांसाठी शनिवारी छापील चिठ्ठी निघते. अर्ध्या पानाची, तारीख आणि मुख्याध्यापकांच्या सहीची. वसतिगृहाची मुले ती दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतात, कारण आतल्या कप्प्यात डबा गळतो.