दहा मीटरचा मनोरा कशासाठी?

बाल्ड माउंटन, म्हणजे सरळ मराठीत बोडका डोंगर. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अॅडिरोंडॅक नावाचा मोठा डोंगराळ जंगलप्रदेश आहे. त्याच्या पश्चिम भागात, ओल्ड फोर्ज गावाजवळ हा डोंगर उभा आहे. बोडके डोंगर त्या राज्यात बरेच, म्हणून याला जवळच्या तळ्यावरून रॉन्डॅक्स असंही म्हणतात. उंची समुद्रसपाटीपासून 716 मीटर, पण पायवाट जेमतेम दीड किलोमीटरची आणि चढ शंभर-दीडशे मीटरचा. शाळकरी पोरं उड्या मारत माथा गाठतात. शेवटी मात्र माती संपते आणि बैलाच्या कण्यावरून चालावं तसं उघड्या खडकाच्या लांब पाठीवरून जावं लागतं. खाली फुल्टन चेन नावाची तळ्यांची माळ दिसते. वर 1917 साली उभारलेला पोलादी मनोरा आहे. त्याची उंची 35 फूट, म्हणजे साधारण साडेदहा मीटर.

डोंगरच सातशे मीटरचा, मग त्यावर आणखी दहा मीटर चढवून मिळालं काय?

आधी तो बांधायची वेळ का आली ते पाहू. 1903 आणि 1908 या दोन कोरड्या वर्षांत अॅडिरोंडॅकमधलं लाखो एकर जंगल जळालं. लाकूडतोडे ओंडके घेऊन जात आणि फांद्या-शेंडे तिथेच टाकत. त्या वाळक्या पसाऱ्याच्या मधून कोळशाची इंजिनं ठिणग्या उडवत धावायची. वणवा पेटायला आणखी काय लागतं? त्यातही वाईट म्हणजे तिथल्या डोंगरांवर माती अशी फारशी नाहीच. हिमयुगातल्या बर्फाने खडक खरवडून काढलेला, त्यावर शेकडो वर्षांच्या कुजलेल्या सुयांचा आणि पाल्याचा थर. हा थर स्वतःच जळतो. आग विझल्यावर राख पावसाने वाहून जाते, आणि खाली नुसता कातळ उरतो. त्या भागातली काही शिखरं अशीच बोडकी झाली.

1909 पासून राज्याने डोंगरमाथ्यांवर आगीवर नजर ठेवणारी माणसं नेमायला सुरुवात केली. बोडक्या डोंगरावर आधी लाकडी मनोरा होता, 1917 मध्ये पोलादी आला. तो बनवणारी शिकागोची एअरमोटर कंपनी मुळात पवनचक्क्या विकायची. वरचं पातं काढून खोली बसवली की झाला टेहळणीचा मनोरा! आडव्या-तिरप्या पट्ट्यांच्या जाळीतून वारा आरपार जातो, आणि पोलादावर जस्ताचा मुलामा असतो. हवा-पाण्याशी झिजायची पाळी येते तेव्हा जस्त आधी झिजतं, लोखंड मागे राहतं. शंभर हिवाळे सोसूनही सांगाडा उभा आहे, यात या मुलाम्याचा वाटा मोठा.

आता दहा मीटरचा हिशेब. समजा, आजूबाजूच्या दरीपेक्षा 200 मीटर उंच असा एक डोंगर आहे. क्षितिजाचं किलोमीटरमधलं अंतर म्हणजे मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले 3.57. माथ्यावर नुसतं उभं राहिलं तर ते सुमारे 51 किलोमीटर येतं, मनोऱ्यावर चढलं तर 52. एवढे जिने चढण्याच्या बदल्यात एक किलोमीटर! लांबचं बघायचं असेल तर हा सौदा तोट्याचाच.

पण माथा सपाट असतो, आणि त्याची कडाच आपल्या नजरेच्या आड येते. समजा कडा शंभर मीटरवर आहे. जमिनीवर उभ्या माणसाचे डोळे 1.7 मीटरवर असतात. त्याची नजर कडेला घासून इतकी हलकेच खाली उतरते की ती दरीच्या तळाला टेकते जवळजवळ 12 किलोमीटरवर. म्हणजे त्याच्या अलीकडच्या सपाटीवर पेटलेली आग त्याला दिसतच नाही. डोळे 12 मीटरवर नेले की हीच आडोशाची पट्टी पावणेदोन किलोमीटरवर येते. कडेवर झाडं असली तर फरक आणखी वाढतो. थोडक्यात, मनोरा बांधला तो जवळचं दिसावं म्हणून.

वरून खाली बघण्याचा आणखी एक फायदा धुराच्या रंगात आहे. ताज्या धुराचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. मागे गर्द झाडी असेल तर तो निळेपणा उठून दिसतो. तोच धूर उजळ आभाळापुढे आला की पलीकडच्या प्रकाशातला निळा गाळला जातो आणि धूर मळकट, पिवळट वाटतो. सकाळी कौलांतून झिरपणारा चुलीचा धूर झाडीवर निळा आणि आभाळावर मातकट दिसतो, तो यामुळेच. आग लहान असतानाच, म्हणजे धूर झाडांच्या शेंड्यांपर्यंतच आलेला असताना टिपायची, तर त्याच्यामागे जंगल असलेलं बरं.

धूर दिसला की पुढचं काम भूमितीचं. खोलीच्या मधोमध गोल नकाशा, आणि त्याच्या केंद्राभोवती फिरणारी, दोन्ही टोकांना उभ्या फटी असलेली धातूची पट्टी, तिचं नाव अॅलिडेड. दोन्ही फटींतून धूर एका रेषेत आणायचा, कडेवरचा कोन वाचायचा आणि फोनवर सांगायचा. एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते. दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाने आपला कोन कळवला की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. रेषा काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर उत्तम, अगदी निमुळत्या छेदल्या तर जागा लांबवर सरकू शकते. कोन वाचताना एका अंशाची चूक झाली तर 20 किलोमीटरवर फरक पडतो 350 मीटरचा.

आज हेच काम उपग्रह करतात. व्हिअर्स नावाचा संवेदक आगीची उष्णता टिपतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्याच्याच नोंदींवरून वनकर्मचाऱ्यांना मोबाइलवर इशारे पाठवते, महाराष्ट्रातल्याही. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे 375 मीटर. म्हणजे अचूकतेत तो पट्टीवर एक अंश चुकणाऱ्या माणसाच्या जवळपासच! अर्थात उपग्रह अख्खी पृथ्वी बघतो, आणि त्याला पगार नाही की शिधा पोचवावा लागत नाही. पण तो एकाच जागेवरून दिवसातून मोजक्या वेळा जातो, आणि ढग आला की आंधळा होतो.

बोडक्या डोंगरावरची चौकी 1990 मध्ये बंद झाली. पुढे स्थानिक लोकांच्या पुढाकाराने मनोऱ्याची डागडुजी झाली आणि तो चढणाऱ्यांसाठी खुला झाला. आता वर पोचणारा प्रत्येक जण फोन काढतो आणि लांबवरच्या निळ्या रांगांकडे रोखतो. निरीक्षक बहुतेक वेळ खाली बघायचा, तळ्याच्या अलीकडच्या काठावरच्या झाडांच्या शेंड्यांत.