डार्लिंग्टनला आधी टायर हरतो

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात डार्लिंग्टनला दर वर्षी ‘सदर्न ५००’ ही स्टॉक कारची, म्हणजे रोजच्या गाड्यांच्या धर्तीवर बनवलेल्या गाड्यांची, शर्यत होते. अंतर ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. पहिली शर्यत ४ सप्टेंबर १९५० रोजी झाली. मैदानात ७५ गाड्या होत्या, त्या काळी शोरूममध्ये मिळायच्या जवळपास तशाच. या शर्यती भरवणाऱ्या ‘नॅसकार’ संस्थेच्या गाड्या तोवर बहुतेक मातीच्या ट्रॅकवर धावत. इथे डांबर होतं, आणि साधे टायर त्यावर पटापट फाटू लागले.

जिंकला जॉनी मँट्झ. सहा सिलिंडरची हलकी प्लिमथ, सुरुवात ४३व्या जागेवरून. इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत धावलेल्या मँट्झला टायरचं गणित माहीत होतं. त्याने ट्रकचे कडक टायर लावले. कडक रबराची पकड कमी, पण झीजही कमी. बाकीचे पुढे पळत आणि टायर बदलायला थांबत. तो आपला एका चालीने चालत राहिला. सरासरी वेग ताशी १२१ किलोमीटर, वेळ साडेसहा तासांहून जास्त, आणि आघाडी तब्बल नऊ फेऱ्यांची!

वळताना लागणारं बळ वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतं: वेग १० टक्के वाढला की बळ २१ टक्के. ट्रॅकला वळणांवर आतल्या बाजूला २३ ते २५ अंशांचा उतार आहे, त्यामुळे थोडा भार तो उचलतो. उरलेला सगळा टायरवर. फेऱ्या डावीकडे वळणाऱ्या, म्हणून वजन उजव्या चाकांवर जातं आणि उजवा पुढचा टायर बहुधा सर्वात आधी मरतो. त्यात इथलं डांबर खरखरीत. झिजून वर आलेले खडीचे कण रबर किसतात. नवे टायर घातल्यावरची फेरी आणि तेच टायर जुने झाल्यावरची फेरी यांत दोन सेकंदांहून जास्त फरक पडू शकतो.

ट्रॅकच्या आकाराने आणखी घोळ घातला. ट्रॅक बांधणाऱ्या हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टनला जमीन विकताना शेरमन रॅमसेने अट घातली होती, की माझं छोट्या माशांचं तळं हलवायचं नाही. म्हणून एक टोक आवळून घ्यावं लागलं. रुंद टोकाला जुळवलेली गाडी अरुंद टोकाला बिघडते: कधी नाक वळत नाही, कधी मागची बाजू सुटते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, मागच्या काचेतून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा दाब बदलतात, टायरची हवा किंचित कमी-जास्त करतात. दोन्ही टोकांना खूश गाडी मिळतच नाही. कुठल्या टोकाला त्रास सोसायचा एवढंच ठरवायचं.

वेगवान रेषा बाहेरच्या भिंतीला चिकटून जाते. जरा अंदाज चुकला की उजव्या बाजूचा रंग खरवडला जातो. त्या ओरखड्याला ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात. नुसता रंग गेला तर कोणी मनावर घेत नाही. गाडीची बाजू आत दबून टायरला घासू लागली, तर मात्र मुकाट्याने पिटमध्ये यावं लागतं.