बिकिनीचे माड आणि सीझियम

प्रशांत महासागरातल्या मार्शल आयलंड्समध्ये अमेरिकेने 1946 ते 1958 या काळात 67 अणुचाचण्या केल्या, बिकिनी आणि एनेवेटाक या दोन प्रवाळद्वीपांवर. 1 मार्च 1954 ची ब्राव्हो त्यातली सगळ्यात मोठी, अंदाजाच्या अडीचपट म्हणजे 15 मेगाटनची निघाली आणि तिची राख जवळच्या रोंगेलाप बेटावरच्या माणसांच्या अंगावर पडली, मुलं त्या पांढऱ्या भुकटीत खेळली.

सर्व्हेला आलेल्या शास्त्रज्ञांनी आधी जमिनीवरचं गॅमा रेडिएशन मोजलं, आकडे उतरत चाललेले, म्हणून 1968 मध्ये बिकिनी राहण्यालायक ठरवून टाकलं. चाचण्यांसाठी हलवलेले लोक परतले, नवे माड लावले, आणि काही वर्षांनी तपासणी केली तर त्यांच्या शरीरात सीझियम-137 (स्फोटांतून उरलेलं किरणोत्सारी द्रव्य) वाढलेलं, शेवटी 1978 मध्ये सगळ्यांना परत बेट सोडायला लावलं! मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण चूक मीटरची नव्हती, लोक रोज काय आणि किती खातात हे नीट धरलंच नव्हतं.

झालं असं की आपल्याकडच्या मातीत चिकणमाती असते, ती सीझियमला धरून ठेवते, झाडापर्यंत फार जाऊ देत नाही. बिकिनीची जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा, निव्वळ चुनखडी, त्यात चिकणमाती नाही आणि पोटॅशियमही जवळपास नाही. माडाला पोटॅशियम भरपूर लागतं (कोकणात माडाच्या आळ्यात राख का टाकतात, याचसाठी) आणि सीझियम केमिस्ट्रीत पोटॅशियमचं अगदी जवळचं भावंड, त्यामुळे भुकेलं झाड सापडेल ते सीझियम ओढून घेतं आणि ते शहाळ्यात, खोबऱ्यात उतरतं. नारळ खाणारे खेकडेही त्यातून सुटत नाहीत.

मग अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर या सरकारी लॅबच्या लोकांनी बिकिनीवर माडांना पोटॅश घालून बघितलं, तेच आपलं साधं खत, पोटॅशियम क्लोराइड, तर नारळातलं सीझियम साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आलं.

तरीही कोलंबिया विद्यापीठाच्या टीमने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात बिकिनीवरचं गॅमा रेडिएशन वर्षाला सरासरी 184 मिलिरेम (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप) भरलं, मर्यादा 100 ची ठरलेली. एनेवेटाकच्या दक्षिणेकडच्या बेटांवर मात्र फक्त 7.6, तिथे लोक राहतातही. सीझियम निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, आणि बिकिनीच्या कुटुंबांच्या पिढ्या दुसऱ्याच बेटांवर वाढतायत.